फुकटाचे ऋण

एका बाबतीत मराठीने आपली मोठी सोय करून ठेवली आहे. 'मोफत', 'फुकट' आणि 'मुक्त' हे तीन वेगळे शब्द तिच्यापाशी आहेत. इंग्रजीला मात्र या साऱ्यांसाठी 'फ्री' हा एकच शब्द राबवावा लागतो. त्यामुळे १९८३ साली मुक्त संगणकप्रणालींची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना वर्षानुवर्षे सांगत राहावे लागले, की आमचा 'फ्री' पैशांशी नव्हे, स्वातंत्र्याशी संबंधित आहे.

हा शब्दांचा कीस आम्ही उगाच काढीत नाही. नातवाने नवा मोबाइल फोन घेतला की त्याचा जुना फोन आजीकडे येतो, हे आपल्या घराघरांतले चित्र आहे. फोन पाच-सहा वर्षांचा, जागा भरलेली, चाल मंदावलेली. मग कोणी जाणता तरुण त्यातले नको ते काढून टाकतो आणि दोन-चार मोफत अ‍ॅप्स घालून देतो. भक्तिगीते ऐकण्यास व्हीएलसी येते, इंटरनेटवाचून चालणारा नकाशा येतो, आणि जो फोन अडगळीत जायचा तो आणखी दोन-तीन वर्षे उपयोगी पडतो. एक पैसाही खर्च झालेला नसतो. प्रश्न असा की, ज्याचे मोल दिले नाही त्याचे आपण काही देणे लागतो काय?

प्रथम एक भेद केला पाहिजे. काही मोफत वस्तूंची किंमत लपवलेली असते. 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचे एक अ‍ॅप होते. ते फोनची विजेरी करीत असे आणि कोट्यवधी लोकांनी ते घेतले होते. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने उघड केले, की हे अ‍ॅप वापरणाऱ्याचा ठावठिकाणा आणि फोनची ओळख जाहिरातदारांच्या जाळ्याकडे पाठवीत होते. इतकेच नव्हे, तर संमतीचा प्रश्न पडद्यावर येऊन त्याचे उत्तर मिळण्यापूर्वीच माहिती रवाना होत होती. उजेडाच्या मोबदल्यात माणूस कोठे उभा आहे ते विकले जात होते. येथे देणगी नव्हतीच. होता तो व्यापार, आणि तोही लबाडीचा. अशा फुकटाबद्दल कोणी कोणाचे ऋणी राहण्याचे कारण नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका'त कृतज्ञतेचे विवेचन करताना येथे उपयोगी पडणारी दोन सूत्रे दिली आहेत. उपकाराचे मोजमाप वस्तूवरून करण्यापेक्षा देणाऱ्याच्या मनावरून करावे, हे एक. आणि कृतज्ञतेचे ऋण न्यायालयात वसूल होणारे नसते, ते नैतिक असते, हे दुसरे. सावकार दाराशी येत नाही म्हणून हे ऋण हलके होत नाही. आमच्या मते ते उलट जडच होते, कारण ते फेडावयाचे की नाही हे सर्वस्वी आपल्यावर सोपवलेले असते.

देणाऱ्याच्या मनाची पारख कशी करावी? व्हीएलसीचे उदाहरण घेऊ. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून त्याचा उगम झाला आणि २००१ पासून ते कोणालाही तपासता, बदलता व वाटता येईल अशा परवान्याखाली खुले झाले. त्यात जाहिराती घालण्यासाठी देऊ केलेले कोट्यवधी युरो नाकारल्याचे त्या कामाचे धुरीण झां-बातिस्त केम्फ यांनी सांगितले आहे. ही देणगी होय.

अशा देणग्यांकडे पाठ फिरवली तर काय होते, हे एप्रिल २०१४ मध्ये जगाने पाहिले. इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या 'ओपनएसएसएल' या मुक्त प्रणालीत 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष सापडला. तेव्हा कळले, की त्या प्रणालीला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. धनाढ्य कंपन्यांनी वर्षानुवर्षे तिचा लाभ घेतला होता. विहिरीचे पाणी सारे गाव भरते आणि गाळ उपसायला एकटाच उतरतो, तशातला हा प्रकार.

मग आजीने काय फेडावे? गरीब माणूस आपल्याने होईल तेवढे करील तर तो कृतघ्न नव्हे, असेही अक्वायनस म्हणतात. तिने धन्यवाद म्हटले तरी पुरे. पण तिच्या नातवाला तेवढ्यावर सुटता येणार नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा स्वयंसेवकांनीच भरत आणला आहे. आपल्या आळीची वाट, विहीर, नाक्यावरचा क्रूस त्यात नसेल, तर तो त्याने घालावा. मराठी पाटी नसलेल्या अ‍ॅपचे मराठी करून द्यावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी थोडे पैसेही पाठवावेत. मिस्साच्या दानपेटीत टाकतो तेवढे पाठवले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट बोलायची राहते. जुन्यावर भागवा, असा उपदेश नवा फोन खिशात असणाऱ्यांनी करणे सोपे आहे. ज्या फोनला कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले आहे, त्याच्या मुळाशी उरलेली भगदाडे वर घातलेल्या मोफत अ‍ॅप्सने बुजत नाहीत. स्वयंसेवकांच्या औदार्यामागे उत्पादकाला आपली जबाबदारी दडवता येऊ नये. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे त्याच्या प्रणालीच्या सुधारणा देण्याचे बंधन घातले आहे. असे बंधन पाठीशी नसलेल्या जुन्या फोनवर आजीने गीते ऐकावीत, नातवंडांचे चेहरे पाहावेत. बँकेचा व्यवहार मात्र पासबुक घेऊन खिडकीवरच करावा.