घोडीची वही कुठाय?

रविवारी सकाळी दारात उभा राहून म्हणालास, "सर, गुरुवारी अकलूजचा घोडा येतोय. तेवढी एक सुई मारा की, घोडी माजावर आणा." मी विचारलं, शेवटचा माज कधी झाला? डोकं खाजवलंस. "झाला असंल दिवाळीच्या पुढं-मागं."

आता मे उजाडलाय. एवढ्या महिन्यांत ती पाच-सहा वेळा तरी माजावर येऊन गेली असेल. तुझ्या दारात, तुझ्या डोळ्यांदेखत. आणि तुला पत्ता नाही?

तुला येत नसतं, तर मी एक शब्द बोललो नसतो. पण तुझी म्हैस उलटली की तुला रात्री दोनला कळतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिच्या भरवल्याच्या तारखेला निळ्या पेनानं गोल असतो. २१ दिवसांनी दुसरा गोल असतो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं, म्हणून म्हशीचा हिशोब चोख. घोडी बिल देत नाही, म्हणून तिचा हिशोबच नाही. त्याच कालनिर्णयावर घोडीची एक खूण दाखव मला. एकच.

सुई काय करते, हे फळ्यावर काढून शिकवलंय तुला. प्रोस्टाग्लँडिन बीजांडकोशातला पीतपिंड मोडतं. बस्स, एवढंच. पीतपिंड नसेल तर मोडणार काय? बीज सुटून पाच दिवसही झाले नसतील, तर कोवळा पीतपिंड औषधाला दाद देत नाही. आणि गाभण असेल तर? हिवाळ्यात रानात सोडली होतीस तेव्हा तिला घोडा लागला की नाही, हे तुला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मग काय, माझ्या हातानं पोटातलं शिंगरू पाडू? सगळं जुळून आलं तरी माज दिसायला दोन ते पाच दिवस. बीज सुटायला साधारण आठ-दहा दिवस. त्या वेळी बीजांडकोशात केवढी पुटी आहे, त्यावर ते पुढं-मागं होतं. यात तुझा गुरुवार कुठं बसतो?

मागच्या वर्षीचं तर आठवलं तरी अंगावर काटा येतो. बाटली कुठून तरी मिळवलीस, घरीच टोचलीस आणि सिरिंज भरताना बाटली धरायला बायकोला उभं केलंस. ती तेव्हा तीन महिन्यांची गरोदर. ते औषध कातडीतून आत शिरतं. गरोदर बाईनं आणि दम्याच्या माणसानं त्याच्या जवळ जायचं नसतं. हे माहीत नव्हतं म्हणू नकोस. परीक्षेत तूच लिहिलं होतंस, मी त्याला पूर्ण गुण दिले होते.

मग दुसरं खूळ. कुणी तरी सांगितलं म्हणून पागेत बल्ब लावलास. रेसच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून त्या लोकांना शिंगरं वर्षाच्या सुरुवातीलाच हवी असतात. त्यासाठी ते ऐन थंडीत घोडीला रोज १६ तासांचा उजेड देतात, दोन महिने, एकही दिवस न चुकता. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. कोल्हापुरात तो ११ तासांच्या खाली जात नाही. तुला त्या बल्बची एवढी गरजही नव्हती. बरं, लावलास तर लावलास. बाराव्या दिवशी लाईट बिलाच्या भीतीनं बंद केलास आणि वर मला सांगतोस, "उजेडाचा काय उपयोग होत नाही." बारा दिवसांत कसा होईल?

बल्बच्या आधी तिच्या बरगड्या बघ. लांबून मोजता येतात. म्हशीपुढचं उरलेलं उसाचं वाडं तिच्यापुढं टाकतोस आणि त्यावर तिनं अंग धरावं म्हणतोस? हाडं निघालेली घोडी माज नीट दाखवत नाही. चांगली वैरण, थोडा भरडा, जंताचं औषध. यातलं काय तुला परवडत नाही?

घोडीला म्हशीचा कायदा लावू नकोस, हे किती वेळा सांगू? म्हशीचा माज जेमतेम एका दिवसाचा. घोडीचा पाच ते सात दिवस चालतो आणि बीज सुटतं शेवटाकडं, माज ओसरायच्या एक-दोन दिवस आधी. तू पहिल्याच दिवशी घोडा दाखवतोस, पैसे देतोस, मोकळा होतोस. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड दाखवायचा, ती घोड्याला लाथ घालेपर्यंत. एकदाच दाखवणं जमणार असेल, तर सोनोग्राफीत पुटी ३५ मिलिमीटरची दिसू दे. मग एचसीजी देता येतं, दीड-दोन दिवसांत बीज सुटतं. सुईचा खरा उपयोग इथं आहे. पण त्यासाठी घोडी तपासायला आणावी लागते, फोनवर पुटी दिसत नाही. आणि येणाऱ्या घोड्याला ग्लँडर्सचा रोग नसल्याचा दाखला पाहिलास का? नाही ना? मग त्याला दारात घ्यायला तयार झालासच कसा?

मागं ती व्याली तेव्हाही तू असाच निजलास. घोडीचे गाभणपणाचे दिवस साधारण ३४०. वर्षाचे ३६५. दर वर्षी शिंगरू हवं तर मधे २५ दिवस मिळतात. व्याल्यावर आठवडा-दहा दिवसांत ती पुन्हा माजावर येते. वार वेळेत पडली असेल, गर्भाशय स्वच्छ असेल, तर तो माज धरायचा, नाहीतर पुढचा. तू दोन्ही सोडलेस. "बाळंतीण आहे, राहू दे" म्हणालास. ती दया नव्हती, आळस होता.

आणि फळली तर लगेच पेढे वाटू नकोस. १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी. जुळं असेल तर तेव्हाच एक काढता येतं. उशीर केलास तर बहुतेक वेळा दोन्ही जातात, कधी घोडीही जाते. पस्तीस दिवसांनंतर गर्भ पडला, तरी ती पुढचे दोन-तीन महिने माजावर येत नाही. म्हणजे तुझं आणखी एक वर्ष गेलं.

ही घोडी तू धनगराच्या वाड्यावरून आणलीस. पाठीवर बिऱ्हाड आणि कोकरं घेऊन घाट उतरणाऱ्या भीमथडीचं रक्त आहे ते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं त्या जातीची रीतसर नोंद केली. ती वार्ता तूच मला पेपरात दाखवलीस, छाती फुगवून. त्या जातीची एक चांगली घोडी दोन वर्षं रिकामी तुझ्या दारात उभी आहे. वाड्यावरच्या म्हाताऱ्याला लिहिता येत नाही, पण आपली घोडी कधी फळली हे तो तिथी सांगून सांगतो. तुला लिहिता येतं.

गुरुवारचा घोडा रद्द कर. आजच फोन कर, त्या माणसाचा हेलपाटा वाचव. उद्या घोडी घेऊन ये, आधी ती गाभण नाही ना ते बघू. चाळीस पानी वही घे. रोज सकाळी तिला शेजारच्या घोड्यासमोर, मधे अडसर ठेवून, पाच मिनिटं उभी कर. शेपूट वर धरली का, मुतली का, लाथ घातली का, तेवढंच लिही, तारखेसकट. एकवीस ओळी झाल्या की वही घेऊन ये. त्या दिवशी सुई लागली तर मी स्वतः मारीन, एक पैसा घेणार नाही.

वीस ओळी घेऊन आलास तर दार उघडणार नाही.