परमुलखातील ताट



उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्यातील अनेक कुटुंबे प्रवासाच्या तयारीला लागतात. कोणी केरळला जातो, कोणी श्रीलंकेला, तर कोणी थायलंड, मलेशिया वा सिंगापूरला. अशा दिवसांत नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मौलाना, तिथे आम्ही खायचे काय?" प्रश्न रास्त आहे, तो विचारणाऱ्याच्या मनात अल्लाहचे भय आहे, याची ती खूण आहे. परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो क्वचितच ओठांवर येतो. परमुलखातील चविष्ट अन्नाचा मनापासून आनंद घेणे श्रद्धावंताला शोभते काय? की पोटापुरते खाऊन जिभेला गप्प बसवणे हीच खरी धर्मनिष्ठा?

आधी या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. पवित्र कुरआनात सूरह अर-रअदच्या चौथ्या आयतीत अल्लाहने आपल्या निशाण्या सांगताना एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. शेजारी शेजारी असलेले जमिनीचे तुकडे, द्राक्षांचे मळे, शेते, खजुरीची झाडे, या सर्वांना एकच पाणी मिळते. तरीही चवीत एक फळ दुसऱ्याहून सरस ठरते. विचार करणाऱ्यांसाठी यात निशाण्या आहेत, असे ती आयत सांगते. म्हणजे स्वादातील फरक हीदेखील निर्मात्याची खूण आहे. पोट तर बेचव अन्नानेही भरले असते. चव ही त्याहून अधिकची देणगी आहे. सूरह अल-आराफमध्ये (आयत ३२) तर, अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा आणि शुद्ध अन्न कोणी हराम केले, असा थेट सवालच केलेला आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातही हेच दिसते. एका शिंप्याने त्यांना जेवायला बोलावले. ताटात दुधी भोपळा आणि सुकवलेले मांस होते. हजरत अनस (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) ताटातील भोपळ्याच्या फोडी शोधून खात होते आणि त्या दिवसापासून मलाही भोपळा आवडू लागला. ज्यांच्या घरात अनेकदा दिवसचे दिवस चूल पेटत नसे, त्यांनाही एखादी भाजी आवडत होती आणि ती आवड त्यांनी लपवली नाही. तेव्हा अन्न आवडणे हा दोष नव्हे. त्या आवडीला मर्यादा कोणती आणि तिचा शेवट कुठे होतो, हा खरा विचाराचा विषय आहे.

आता परमुलखाकडे वळू. आपण ज्याला 'परके' म्हणतो त्या ताटात आपलेच किती काही असते! मलेशियातील पेनांग बेटावर 'नासी कंदार' नावाचा भात मिळतो. तमिळ मुस्लिम फेरीवाले पूर्वी खांद्यावर आडवी काठी घेऊन, तिच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्याला कालवण अडकवून गल्लोगल्ली विकत असत. 'कंदार' म्हणजे ती काठी. आपण तिला कावड म्हणू. या मंडळींच्या खानावळींना तिथे 'मामाक' म्हणतात आणि तो शब्द तमिळमधील 'मामा'वरून आला आहे. नारळाच्या दुधात मांस आटवून आटवून कोरडे करीत जाण्याची 'रेंदांग' ही पद्धत सुमात्रा बेटावरील मिनांगकाबाऊ मुस्लिमांची. थायलंडच्या 'मस्सामन' या रस्स्याचे नाव 'मुसलमान' या शब्दावरून आले असे मानले जाते. त्यातील दालचिनी, लवंग आणि वेलदोड्याचा वास आपल्याला ओळखीचा वाटतो. श्रीलंकेत ईदच्या दिवशी मुस्लिम घरांत गूळ आणि नारळाच्या दुधाचे 'वटलप्पम' होते. कोकणातील कोणत्याही भगिनीला ते पाहून आपल्या घरचे सांदण आठवेल.

या पदार्थांमागे व्यापारी, खलाशी, मजूर आणि गृहिणी यांच्या कित्येक पिढ्या उभ्या आहेत. माणसांनी एकमेकांना ओळखावे म्हणून त्यांना विविध समाजांत विभागले, असे कुरआन (सूरह अल-हुजुरात, आयत १३) सांगतो. ती ओळख पटण्याची एक जागा म्हणजे जेवणाचे मेज.

परंतु ओळख करून घेताना स्वतःची ओळख विसरून चालत नाही. "प्रवासात सगळे चालते" असे म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, प्रवासात शरीअतने नमाज आखूड केली, रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली. हराम मात्र हलाल केले नाही. जीव जाण्याची वेळ आली तर गोष्ट वेगळी. सहलीला गेलेल्या कुटुंबावर ती वेळ येत नाही.

मग विचारपूस किती करावी? येथे एक नियम ध्यानात ठेवला तर बराचसा गोंधळ दूर होतो. फळे, धान्य, भाज्या आणि मासे मुळात वैध आहेत. त्यांत काही निषिद्ध मिसळल्याचे दिसले तरच ती सोडायची. मांसाचे याच्या उलट आहे. ते योग्य रीतीने जबह केलेले आहे याची खात्री झाल्यावरच घ्यायचे. बँकॉकच्या रस्त्यावर एकाच कढईत कोंबडी, डुकराचे मांस आणि नूडल्स परतले जात असतील, तर तेथे विचारणे हे कर्तव्यच आहे. थाई भाषेत डुकराच्या मांसाला 'मू' म्हणतात, मलय भाषेत 'बाबी'. हे दोन शब्द प्रवासाला निघण्यापूर्वी मुलांनाही शिकवावेत. काही दुकानांवर 'नो पोर्क, नो लार्ड' अशी पाटी असते. तिचा अर्थ डुकराचे मांस आणि चरबी नाही एवढाच. कोंबडी कशी कापली, रश्श्यात मद्य घातले की नाही, याविषयी ती पाटी काहीच सांगत नाही. मलेशियात 'जाकिम' या शासकीय संस्थेचे हलाल चिन्ह पाहावे. सिंगापूरमध्ये तेथील इस्लामी धार्मिक परिषद १९७८ पासून हलाल प्रमाणपत्रे देत आहे. इंडोनेशियात २०१४ साली हलाल उत्पादनांसाठी स्वतंत्र कायदा झाला. अशा ठिकाणी जबाबदार माणसांनी आपल्यासाठी चौकशीचे काम केलेले असते.

इतके झाल्यावरही काही जणांचे समाधान होत नाही. दुकानदार मुस्लिम, पाटीवर हलाल, प्रमाणपत्र भिंतीवर. तरी हे गृहस्थ स्वयंपाकघरात डोकावतात, चार माणसांदेखत आचाऱ्याची उलटतपासणी घेतात आणि अखेरीस तोंड वाकडे करून बिस्किटांवर दिवस काढतात. ही धर्मनिष्ठा आहे काय? सहीह बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस पाहा. नव्याने इस्लाम स्वीकारलेले काही लोक मांस आणून देत. त्यावर अल्लाहचे नाव घेतले होते की नाही, हे आम्हाला ठाऊक नसते, असे प्रेषितांना (स.) सांगण्यात आले. त्यांनी उत्तर दिले की, तुम्ही स्वतः अल्लाहचे नाव घ्या आणि खा. त्यांनी शोधपथक पाठवले नाही. आपल्या मुस्लिम भावाविषयी चांगले गृहीत धरण्यास शिकवले. संशयास्पद गोष्टींपासून दूर राहण्याचा आदेश आपल्याला आहे. तसाच पुष्कळशा संशयापासून दूर राहण्याचाही आदेश आहे (सूरह अल-हुजुरात, आयत १२). पहिला संशय वस्तूविषयी, दुसरा माणसाविषयी. समोर खूण दिसत असताना न विचारणे ही बेपर्वाई होय आणि खूण नसताना माणसाचा अपमान करणे हे पाप होय.

याच संदर्भात आणखी एक नाजूक बाब. मलेशिया आणि इंडोनेशियातील मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत, आपल्या कोकणातील मुस्लिमांप्रमाणेच. मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातील आपण बहुतेक हनफी. क्वालालंपूरच्या हलाल उपाहारगृहात एकाच मेजावर रत्नागिरीचे आणि परभणीचे कुटुंब बसले आणि तळलेले माकूल समोर आले, तर काय करावे? शाफई मतानुसार ते वैध आहे. हनफी मतानुसार समुद्रातील प्राण्यांपैकी केवळ मासा वैध. कोळंबीला मासा मानावे की नाही यावर तर हनफी उलेमांमध्येच दोन मते आहेत. तेव्हा परभणीकराने माकूल खाऊ नये आणि रत्नागिरीकराच्या ताटाकडे बोटही दाखवू नये. रत्नागिरीकरानेही "एवढे काय त्यात" म्हणून आग्रह करू नये. दोघांनी बिस्मिल्लाह म्हणावे आणि आपापल्या इमामांच्या मतावर राहून एकत्र जेवावे. मतभेद असूनही एका मेजावर बसता येणे, हे आपल्या मुलांनी पाहण्यासारखे दृश्य आहे.

एखादा पदार्थ हलाल असूनही आवडला नाही तर? प्रेषितांसमोर (स.) एकदा भाजलेली घोरपडीसारखी सरड्याच्या जातीची शिकार आली. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे काय, असे हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले. नाही, माझ्या लोकांच्या प्रदेशात हे नसते, म्हणून मला रुचत नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. हजरत खालिद यांनी ते पुढे ओढून खाल्ले आणि प्रेषित (स.) पाहत राहिले. या प्राण्याच्या हुकुमाबाबत पुढे इमामांत मतभेद झाले. पण आपल्याला घ्यायचा धडा स्पष्ट आहे. आपली नावड म्हणजे शरीअतचा निर्णय नव्हे. हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात की, प्रेषितांनी (स.) अन्नाला कधीही नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. थायलंडमध्ये मासे आणि मीठ मुरवून केलेल्या 'नाम प्ला'चा वास आला की आपली मुले नाक दाबतात आणि आपण हसतो. ज्यांच्या घरी सुकट भाजली जाते त्यांनी तरी त्या वासाला हसू नये! एका माणसाच्या आईच्या हातच्या चवीला दुसऱ्याने 'छी' म्हणणे, ही अल्लाहच्या देणगीचीही अवहेलना आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हलालची पाटी पाहिली की आपली जबाबदारी संपली, असे आपण समजतो. कुरआनने मात्र 'हलाल' या शब्दाला 'तय्यब' हा शब्द जोडला आहे; म्हणजे अन्न वैध असावे, तसेच शुद्ध आणि उत्तमही असावे. हॉटेलच्या बुफेमध्ये सहा पदार्थांचे डोंगर रचून त्यांतील निम्मे ताटात टाकून उठणारा माणूस हलाल अन्नासमोर बसूनही अपराधी ठरतो, कारण खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, हा आदेशही त्याच सूरह अल-आराफमध्ये आहे. आपले पूर्वज म्हणत, अन्न तारी, अन्न मारी. पदार्थ तोच असतो. खाणाऱ्याची रीत त्याला तारक वा मारक करते.

आणि ज्याने ते रांधले त्याचे काय? क्वालालंपूरच्या खानावळीत चहा ओतणारा, ताटे उचलणारा तरुण पुष्कळदा बांगलादेशातून वा नेपाळमधून पोटासाठी आलेला असतो. सेवक जेवण घेऊन आला आणि त्याला सोबत बसवता आले नाही, तर निदान घास-दोन घास त्याच्या हाती द्यावेत, कारण धग आणि कष्ट त्याने सोसले आहेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आजच्या उपाहारगृहात तिचे पालन कसे करावे? त्याला टिचकी वाजवून बोलावू नये. त्याचे नाव, गाव विचारावे. पदार्थ आवडला तर तसे सांगावे. चूक झाली तर मुलांसमोर त्याला फाडून खाऊ नये. ऐपत असेल तर हातावर चार पैसे ठेवावेत.

तेव्हा प्रवासाला अवश्य जा. आवश्यक तेथे विचारा, सौजन्याने विचारा आणि उत्तर मिळाल्यावर विश्वास ठेवा. लागेल तितकेच घ्या आणि घेतलेले संपवा. पहिला घास घेताना मुलांना सांगा की, पाणी एकच असूनही ज्याने एवढ्या चवी निर्माण केल्या, त्याच्या दस्तरखानावर आपण बसलो आहोत. मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात. अन्नदात्याच्या मिठाला जागणे, यालाच आपण शुक्र म्हणतो. आणि ज्या स्वादाच्या शेवटी शुक्र आहे, तो स्वाद इबादतीहून दूर नाही.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना हलाल व शुद्ध उपजीविका, कृतज्ञ जीभ आणि उदार हात देवो. आमीन.