अभ्यासाची बैठक

अभ्यासाला बैठक लागते, असं आपण म्हणतो. ती नुसत्या चिकाटीची नसते. रोज त्याच भिंतीला पाठ टेकायची, त्याच दिव्याखाली वही उघडायची, तेव्हा कुठे मन थाऱ्यावर येतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ रोजी, ऐन पोळ्याला, एक अख्खं घर बघता बघता ६०-७० फूट खाली गेलं. हादरा बसताच घरची माणसं बाहेर धावली, म्हणून वाचली. खाली जुनी, बंद पडलेली कोळशाची खदान. आजूबाजूची दीडेकशे कुटुंबं हलवावी लागली.

पंचनाम्यात भिंती येतात, बैठक येत नाही. शाळकरी मुलाची शाळा बदलली की निदान कुणी विचारतं तरी. पदवीला असलेली मुलगी त्याच बसने चंद्रपूरच्या त्याच कॉलेजात जात राहते. तिचं काही हरवलंय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. कोळशाच्या गावाला ब्लास्टिंगचा हादरा नवा नाही. फळीवरची भांडी थरथरली तरी वाचणारा मान वर करत नाही. पण ज्याने शेजारचं घर जमिनीत जाताना पाहिलं, त्याचे डोळे ओळीवर आणि कान जमिनीकडे. असं मन रात्रभर राखण करत बसतं, आणि राखण करताना पाठांतर होत नाही. पोळा झाला की हिवाळी परीक्षा फार लांब नसते. निकालपत्रात मग नुसती एटीकेटी दिसते, आणि आपण म्हणतो, पोरगं ढिलं पडलं. हा अन्याय आहे.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मिंडी फुलिलव्ह यांनी वस्ती उठवलेल्या माणसांच्या या अवस्थेला मुळं उपटलेल्या रोपाची उपमा दिली. मूल-सिंदेवाहीकडच्या धानकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. रोवणीनंतर पऱ्हं काही दिवस पिवळं पडतं, तेवढे दिवस तो बांधीतलं पाणी हटू देत नाही.

२०१३च्या भूसंपादन कायद्याने सज्ञान मुलाला, मुलीला स्वतंत्र कुटुंब मानलं. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. पण ती संपादनापुरती. जमीन आपणहून खचली तर त्या पोरांना वेगळं कोण मोजणार? हलवलेल्या घरांची यादी त्याच आठवड्यात कॉलेजांकडे आणि गोंडवाना विद्यापीठाकडे जायला हवी. परीक्षेच्या फॉर्मला मुदतवाढ मिळावी, ज्याला हवी त्याला सत्र संपेपर्यंत वसतिगृहात खाट आणि टेबल मिळावं. आणि वर्गावरच्या सरांनी, मॅडमनी हजेरी घेताना एकदा थांबून विचारावं, सध्या कुठे राहतोस, रात्री झोप लागते का.