बेथानीतला प्रश्न



नोव्हेंबर हा आपल्या मृतांचा महिना. या महिन्यात मला सेमिनरीतले माझे एक परदेशी शिक्षक हमखास आठवतात. त्यांनी आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले. २०१२ च्या नोव्हेंबरात ते काही दिवस माझ्याकडे राहायला आले होते आणि त्याच आठवड्यात, १७ तारखेला, बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुंबई बंद. शिवाजी पार्कवर लाखोंचा समुदाय. कधीही सरकारी पद न घेतलेल्या नेत्याला शासकीय इतमामात निरोप. फादर दिवसभर टीव्हीसमोर बसून होते. संध्याकाळी त्यांनी विचारले, "हा शोक आहे की भीती?"

मी म्हणालो, "दोन्ही." या माणसाने आपल्याला ताठ मानेने जगायला शिकवले असे मानणारे हजारो जण त्या दिवशी खरोखर रडले. ते अश्रू खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. पण शटर खाली ओढणारा प्रत्येक जण रडत नव्हता, हेही खरे. फादरांना हेच उमजेना. बंद दुकानाकडे पाहून आतल्या माणसाचे मन कसे ओळखायचे?

सोमवारी पालघरची बातमी आली. एका मृत्यूसाठी शहर बंद कशाला, असे एका तरुणीने फेसबुकवर विचारले होते, दुसरीने ते 'लाइक' केले होते. जमावाने एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि अटक झाली ती या दोघींना! त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. ज्या ६६ अ कलमाचा त्यात आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले.

फादरांनी योहानाचे शुभवर्तमान उघडले, अकरावा अध्याय. लाजरसाच्या कबरेजवळ येशू रडतो. त्याचे किती प्रेम होते पाहा, असे काही जण म्हणतात. काही जण मात्र कुजबुजतात की, आंधळ्याला दृष्टी देणाऱ्याला हे मरण टाळता आले नसते काय? ऐन शोकात बोचणारा प्रश्न! तरी येशू त्यांना गप्प करीत नाही. रडतच, व्याकूळ होऊन, तो कबरेकडे जातो.

आपल्या गावात काय होते? मयताच्या घरी कुणी हळूच म्हणाले, "त्यांच्याकडे माझे पैसे राहिलेत," की आपण डोळे वटारतो. आणि अंत्यविधीला कोण आले नाही, ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो.

पुढचा रविवार ख्रिस्तराजाचा होता. शुभवर्तमान होते पिलातासमोरच्या येशूचे. सत्याची साक्ष देण्यासाठी आलो, असे तो सांगतो. मी सत्यावर वीस मिनिटे प्रवचन केले. पालघर आपल्याच वसई धर्मप्रांतात आहे, पण त्या दोन मुलींविषयी एक शब्दही काढला नाही. मिस्सानंतर फादरांनी विचारले, "आज तुझेही दुकान बंद होते का?"

मी झगा काढत राहिलो.

तुमचा धर्मगुरू