तिसऱ्या दिवशीची कुदळ

स्वाहिली भाषेत एक म्हण आहे. पाहुण्याचा दोन दिवस पाहुणचार करावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्यावी. पुढे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ज्युलियस न्येरेरे यांनी १९६२ साली आपल्या समाजवादाची मांडणी करताना या म्हणीचा आधार घेतला होता. न्येरेरे श्रद्धावान कॅथलिक होते. आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत चर्च आणि सेवासंस्था मिळून जे कार्य करतात, त्याचा विचार करताना ही म्हण पुनःपुन्हा आठवते. त्या खेड्यात पाहुणा कोण? अर्थात, मदत घेऊन आलेला.

या संस्था आता 'दाता' आणि 'लाभार्थी' हे शब्द टाळून 'भागीदार' हा शब्द वापरतात. शब्द सुंदर आहे. पण तो खरा आहे काय? ज्याच्या हाती थैली आहे आणि ज्याला हात पसरावा लागतो, ते दोघे भागीदार होऊ शकतात काय?

१९६७ साली, दोन महिन्यांच्या आत, या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तर मिळाले. फेब्रुवारीत न्येरेरे यांच्या पक्षाने आरुशा जाहीरनामा काढला. पैसा हा विकासाचा पाया नव्हे, माणसे व त्यांचे श्रम हा पाया होय, असे त्याने गरिबांना बजावले. मार्चमध्ये पोप सहावे पॉल यांचे 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. संत अँब्रोज यांचा दाखला देऊन त्यात श्रीमंतांना सांगितले आहे, की गरिबाला तुम्ही देता ते तुमचे नव्हेच. त्याचेच त्याला परत करता. एकाने घेणाऱ्याची लाचारी काढून घेतली, दुसऱ्याने देणाऱ्याचा अहंकार. दोन्ही गळून पडल्याखेरीज भागीदारी संभवत नाही.

केनियातील किटुई आणि माचाकोस हा कांबा लोकांचा कोरडा मुलूख. पावसात नद्या धो धो वाहतात आणि मागे नुसती वाळू उरते. तेथे पात्रात आडवी भिंत घालतात. पुराबरोबर आलेली वाळू तिच्यामागे साचते आणि वाळूच्या पोटात पाणी उन्हापासून सुरक्षित राहते. मेनोनाइट सेंट्रल कमिटीसारख्या ख्रिस्ती संस्था सिमेंटचा आणि तांत्रिक साहाय्याचा भार उचलतात. दगड, वाळू आणि श्रम गावाचे. आपल्या इर्जिकीसारखी कांबांची 'म्वेथ्या' नावाची जुनी रीत येथे कामी येते. भिंत कोणाची, असे विचारल्यास गाव 'आमची' म्हणते. ते खोटे नसते.

याउलट, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने परदेशी साहाय्य अचानक गोठविले. त्या देशातील कॅथलिक बिशपांनी १९४३ साली स्थापिलेल्या कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसच्या निधीचा मोठा वाटा सरकारकडून येत असे. संस्थेला कामे आवरती घ्यावी लागली, माणसे कमी करावी लागली. ज्या गावांसाठी ही कामे चालत, त्या गावांना कोणी विचारले नाही. एका पक्षाला न विचारता जी मोडता येते, ती भागीदारी कसली?

यावर कोणी म्हणेल, मग बाहेरची मदत नकोच. गावाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे. हा निष्कर्ष मात्र घातक आहे. वाळूतले पाणी गाव स्वतः साठवू शकते. एचआयव्हीवरील औषध ते आपल्या चुलीवर बनवू शकत नाही. स्वावलंबनाचा उपदेश हा थैलीचे तोंड आवळण्याचा बहाणा होता कामा नये. जे मुळात त्यांचेच आहे ते परत करताना 'तुम्ही स्वावलंबी व्हा' म्हणणे ही प्रीती नव्हे.

तेव्हा प्रश्न किती द्यावे एवढाच नाही. देणारा कोणाचे ऐकतो, हा आहे. गावाने 'हे नको, ते हवे' म्हटले तर तो थांबतो काय? गाव त्याच्याकडे हिशेब मागू शकते काय? आजवर हिशेबाच्या वह्या एकाच दिशेने गेल्या आहेत. त्या दुसऱ्या दिशेनेही जाऊ लागतील, तेव्हा 'भागीदार' हा शब्द खरा होईल.

पाहुण्याच्या हाती कुदळ देणारा यजमान त्याचा अपमान करीत नसतो. तो त्याला घरचा मानतो. आपण दान घेऊन जातो तेव्हा ही कुदळ हाती घेण्याची आपली तयारी असते काय?