शिट्टीच्या आधी

चिखलदऱ्याच्या चढावर सकाळच्या धुक्यात जरा पळून पाहा. दम छातीत मावत नाही. बास्केटबॉलचा पंच हंगामाआधी हाच दम कमावत असतो. मैदान अवघं 28 बाय 15 मीटर, पण चेंडू फिरला की त्यालाही खेळाडूंबरोबर धावावं लागतं. म्हणून 20 मीटरच्या फेऱ्या; बीप वाजण्याआधी रेषा गाठायची. मग वेळमर्यादेच्या नियमांची उजळणी: 3 सेकंद, 5, 8, 24. आणि आरशासमोर हातवारे! हसू नका, इशारा चुकला तर गुणलेखकाच्या टेबलावर भलत्याच्याच नावावर फाऊल चढतो. खाली अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. ही मेहनत वऱ्हाडाला नवी नाही. पुढच्या सामन्यात पंचावर ओरडण्याआधी एकदा त्याच्या पायांकडे बघा.