पाहणाऱ्याचा हक्क

पक्षी मारणे आणि पक्षी पाहणे यांत फरक किती? पहिल्यात गुनाह, दुसऱ्यात निखळ आनंद, असे आपण धरून चालतो. मला ही वाटणी इतकी सोपी वाटत नाही.

मरहूम सालिम अलींचे पक्षिवेड छऱ्याच्या बंदुकीपासून सुरू झाले. वय दहा-बारा. पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि बोहरा घरातल्या त्या मुलाला प्रश्न पडला, ही खाणे जायज की नाही? मामू अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. जायज-नाजायजच्या शंकेतून एक शास्त्रज्ञ निघाला! पुढे अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी गोळीने टिपले, आणि १९८५च्या आत्मचरित्रात ते लपवले नाही. पुस्तकाच्या नावातही ती पडलेली चिमणी आहेच.

आता बंदूक गेली, कॅमेरा आला. मे महिन्यात ऐरोलीहून होडीने ठाणे खाडीत गेलो होतो. हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५चे. २०२२ पासून रामसर यादीतही आहे. भरती ओसरत होती, खारफुटीच्या कडेचा चिखल उघडा पडू लागला होता. चोच उलटी करून हजारो पक्षी शेवाळ गाळून खात होते, मधूनच करड्या रंगाची पिल्ले. होडीतल्या एक बाई म्हणाल्या, “दादा, जवळ घ्या ना, एकदा उडवा तरी!”

“उडवायला काय, ताई, टाळी वाजवली तरी उडतील. पण पाणी उतरलं की त्यांचा खायचा टाइम. पावसाआधी लांब जायचंय त्यांना.”

“तिकीट काढलंय आम्ही.”

त्या बाईंना वाईट म्हणवत नाही. पण बंदूकवाल्याचा मेलेला पक्षी निदान त्याच्या हातात असे. जाब कोणी द्यायचा हे ठरलेले असे. थवा उडवणारी प्रत्येक होडी एकदाच उडवते. थव्याला मात्र प्रत्येक होडी भेटते. नुकसान इतके विखुरते की ते कोणाच्याच खात्यावर चढत नाही.

मग जाऊच नये का? जावे. न पाहिलेला चिखल लोक बेधडक बुजवतात; पाहिलेल्यासाठी कोणीतरी भांडतो. पण ‘आमची नियत साफ होती’ एवढ्यावर सुटका नाही. खाडीतले शेवाळ बऱ्याच अंशी शहराच्या सांडपाण्यावर पोसते, असे जाणकार सांगतात. आपल्या घाणीने नकळत झालेले हे भले आपण ‘आमचे फ्लेमिंगो’ म्हणून मिरवतो. नकळत झालेल्या नुकसानीच्या वेळी मात्र आपण नियत पुढे करतो. हा हिशेब मला खोटा वाटतो.

किती अंतर ठेवावे, ते पक्षीच सांगतात. खाणे थांबून माना वर झाल्या की आपण फार जवळ आलो. होडीवाल्याचे लक्ष त्या मानांकडेच होते. त्याने इंजिन बंद केले आणि बाईंना तिथूनच फोटो काढायला सांगितले.